ग्रँड पियानोची विम्याची किंमत आणि विक्रीची किंमत

ठाण्याच्या नौपाड्यात, पाचपाखाडीत एखादी इमारत रिडेव्हलपमेंटला गेली की घराघरांतून शिसवी पलंग आणि सागवानी कपाटं बाहेर निघतात. क्वचित एखाद्या दिवाणखान्यातून ग्रँड पियानोही निघतो. मग घरातलं कुणीतरी फायलीतून जुनं मूल्यांकनपत्र शोधून काढतं, त्यावरचा आकडा जाहिरातीत टाकतं आणि महिनोन्महिने एकही गंभीर फोन येत नाही. पत्र खोटं नसतं, पण तो आकडा विम्यासाठी काढलेला असतो.

पियानो उद्या आगीत गेला तर त्याच तोडीचा दुसरा घरात उभा करायला काय लागेल, ती विम्याची किंमत. दुकानातला भाव, परदेशातून आणायचा तर जहाजभाडं आणि सीमाशुल्क, घरपोच आणणं, पहिलं ट्यूनिंग, सगळं तीत धरतात. विक्रीची किंमत म्हणजे आज, आहे त्या अवस्थेत, तुमच्या घरातून उचलून न्यायला समोरचा किती मोजेल ते. दागिना मोडताना घडणावळ परत मिळत नाही, तसंच इथेही मधला सगळा खर्च गळून जातो.

विम्याचा आकडा काढणं त्या मानाने सोपं. मेक, मॉडेल, लांबी आणि नव्याचा भाव कळला की बरंचसं काम होतं. एक लक्षात ठेवा: २०२१ पासूनच्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत घरातल्या सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, पण जास्तीत जास्त १० लाख रुपयांचं संरक्षण आपोआप मिळतं. त्यातच फ्रीज, टीव्ही, सोफा सगळे आले. घरात चांगला ग्रँड असेल तर तपशील देऊन ही रक्कम वाढवून घेतलेली बरी.

विक्रीचा आकडा मात्र पियानोच्या पोटात डोकावल्याशिवाय निघत नाही. झाकण उघडलं की सोनेरी रंगाची ओतीव लोखंडी चौकट दिसते. बहुतेक वेळा तिच्यावर, तारा ताणून धरणाऱ्या खुंट्यांच्या आसपास, अनुक्रमांक असतो. स्टाइनवे, यामाहासारख्या नावांचं निर्मितीचं वर्ष त्यावरून कळतं. इथेच मालकांची दुसरी गफलत होते: जितका जुना तितका महाग. व्हायोलिनच्या बाबतीत तसं असेलही, पण पियानो झिजतो. सव्वादोनशेच्या आसपास तारा मिळून त्या चौकटीवर पंधरा-वीस टनांचा ताण वर्षानुवर्षं देत असतात. दुरुस्तीचा हात न लागलेल्या शंभर वर्षांच्या जर्मन पियानोपेक्षा नीट राखलेला तीस वर्षांचा यामाहा बहुतेकदा लवकर आणि जास्त भावाला जातो.

सगळ्यात आधी खुंट्या बघा. त्या ज्या लाकडी पिनब्लॉकमध्ये घट्ट बसलेल्या असतात, तो पावसाळ्यात फुगतो आणि कोरड्या हवेत आकसतो. पियानोला साधारण ४५-५० टक्के आर्द्रता मानवते, आणि जुलैत खाडीकाठच्या घरात ती ८० च्या वर सहज जाते. अशा पावसाळ्यांनी पिनब्लॉक सैल पडला की आज लावलेला सूर पंधरवड्यात उतरतो. थोडक्यात भागलं तर जाड खुंट्या घालून काम होतं, नाहीतर पिनब्लॉकच बदलावा लागतो, आणि तो खर्च ग्राहक थेट किमतीतून वजा करतो. मग तारांवर आपटणाऱ्या हातोड्या. त्यांच्यावरच्या नमद्यावर (दाबलेल्या लोकरीच्या थरावर) तारांच्या खोल चऱ्या पडल्या असतील तर घासून आकार देता येतो. वरच्या सुरांकडे नमदाच उरला नसेल तर नव्या बसवायच्या. साउंडबोर्डाला, म्हणजे तारांखालच्या आवाज घुमवणाऱ्या लाकडी फळीला, गेलेली चीर दिसायला भयंकर, पण ती वाजताना झणझणत नसेल तर एवढं बिघडत नाही. मला विचाराल तर सैल खुंट्यांनी घाबरावं, चिरेने नव्हे.

शिवाय ‘ग्रँड’ या नावाला भुलू नका. पाच फुटांच्या आतल्या बेबी ग्रँडमध्ये खर्जाच्या तारा आखूड असतात. चांगला उंच अपराइट, म्हणजे उभ्या तारांचा पियानो, त्याहून भरदार वाजतो, आणि जाणकार ग्राहकाला ते ठाऊक असतं.

हिशेब करताना तशाच पियानोची दुकानातली सेकंडहँड किंमत घ्या. त्यात दुकानदाराचा नफा, त्याने केलेली दुरुस्ती आणि वॉरंटी मिसळलेली असते, ती काढा. मग तुमच्या पियानोची बाकी दुरुस्ती आणि हमाली वजा करा. हमाली किरकोळ समजू नका: छोटा ग्रँडही अडीचशे किलोच्या घरात जातो, पाय काढून कडेवर उभा करूनच हलवावा लागतो, आणि जुन्या इमारतीच्या जिन्याचं वळण भाव पाडू शकतं. ठाण्यात पेटीला गिऱ्हाईक चुटकीसरशी मिळेल, पियानोचं बहुधा वांद्रे-वसईकडून यायचं. तारीख ठरलेली असेल, घर रिकामं करायचं असेल, तर आणखी खाली यावं लागतं.

एका बाबतीत मात्र दोन आकड्यांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडतो. जुन्या युरोपीय पियानोच्या पांढऱ्या पट्ट्या जवळून बघा. पुढचा रुंद भाग आणि मागचा अरुंद भाग यांच्यामध्ये केसाएवढा सांधा असेल आणि उजेडात बारीक रेषा दिसत असतील, तर तो हस्तिदंत असण्याची दाट शक्यता आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या १९९१ च्या दुरुस्तीनंतर आयात केलेल्या हस्तिदंताच्या वस्तूंचाही व्यापार भारतात बेकायदा आहे. मूल्यांकनपत्रावर कितीही मोठी रक्कम असली तरी अशा पट्ट्यांसकट पियानोची जाहिरात देऊ नका. आधी वन विभागाकडे चौकशी करा.