कालावाओ मिशन

कालावाओ मिशन : हवाई द्वीपसमूहातील मोलोकाई बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, कुष्ठरोग्यांच्या सक्तीच्या वसाहतीत चालवलेले रोमन कॅथलिक सेवाकेंद्र. बेल्जियन मिशनरी फादर दामिएन (मूळ नाव योझेफ द व्हस्टर, ३ जानेवारी १८४० – १५ एप्रिल १८८९) यांनी १८७३ पासून मृत्यूपर्यंत तेथे केलेल्या कामामुळे ते जगभर ज्ञात झाले. दामिएन यांची चरित्रे विपुल आहेत. मिशनमधील रोजच्या कामाची माहिती मात्र त्यांची पत्रे, हवाईच्या आरोग्य मंडळाची दप्तरे आणि रुग्णांचा जो थोडा पत्रव्यवहार उरला आहे तो, यांतून वेचावी लागते. प्रस्तुत नोंदीत भर या दुसऱ्या बाजूवर आहे.

वसाहतीची जागा म्हणजे समुद्रात घुसलेला, ज्वालामुखीजन्य खडकाचा एक सपाट भूशिर. तीन बाजूंना समुद्र आणि चौथ्या बाजूला सुमारे सहाशे मीटर उंचीचा सरळ कडा. भूशिराच्या पूर्व अंगाला कालावाओ आणि पश्चिम अंगाला कालाउपापा. पूर्वेची बाजू वाऱ्यापावसाची व दमट. पश्चिमेची तुलनेने कोरडी आणि उबदार. आरंभीची वसाहत नेमकी पूर्वेकडे वसवली गेली आणि त्याचे परिणाम रुग्णांना अनेक वर्षे भोगावे लागले. तेथे पूर्वीपासून अळू व रताळी पिकवणारे हवाईयन कुणबी राहत होते. सरकारने त्यांच्या जमिनी घेतल्या, तरी काही कुटुंबे बराच काळ तेथेच राहिली व त्यांनी पहिल्या रुग्णांना आसराही दिला. या कुटुंबांविषयी फारशी नोंद नाही.

हवाईत कुष्ठरोग केव्हा व कोठून आला, हा प्रश्न वादग्रस्त आहे. जुन्या संदर्भग्रंथांत तो चिनी मजुरांनी आणला असे ठामपणे म्हटलेले आढळते आणि तत्कालीन हवाईयन बोलीतील ‘माइ पाके’ (चिनी रोग) हे नाव पुरावा म्हणून दिले जाते. परंतु लोकांनी रोगाला दिलेले नाव हा त्याच्या उगमाचा पुरावा मानता येत नाही. देवमाशांच्या शिकारीसाठी निघालेल्या गलबतांवर अनेक देशांचे खलाशी असत आणि ही गलबते हवाईच्या बंदरांत नेहमी थांबत. रोगाचा परिपाककाल (लागण होऊन लक्षणे दिसेपर्यंतचा काळ) कित्येक वर्षांचा असल्याने पहिला रुग्ण निश्चित करणे जवळजवळ अशक्य आहे. १८३० ते १८५० या दरम्यान केव्हातरी रोग बेटांवर रुजला असावा, एवढेच सावधपणे म्हणता येते. नव्या रोगांशी कधीच गाठ न पडलेल्या हवाईयन समाजात तो झपाट्याने पसरला. राजे पाचवे कामेहामेहा यांच्या कारकिर्दीत ३ जानेवारी १८६५ रोजी कुष्ठरोग-प्रतिबंधक कायदा संमत झाला आणि ६ जानेवारी १८६६ रोजी रुग्णांची पहिली तुकडी कालावाओच्या किनाऱ्यावर उतरवण्यात आली. हा कायदा १९६९ पर्यंत कोणत्या ना कोणत्या रूपात टिकला. तोपर्यंत सुमारे आठ हजार माणसे तेथे पाठवली गेली व त्यांतील बहुसंख्य मूळ हवाईयन होती.

मिशनचा आरंभ दामिएन यांच्यापासून धरण्याची प्रथा आहे. ती सोयीची असली, तरी पूर्णपणे बरोबर नाही. १८६६ मध्येच रुग्णांनी स्वतः पुढाकार घेऊन ‘सिलोआमा’ ही प्रॉटेस्टंट मंडळी स्थापन केली होती. कॅथलिकांचे सेंट फिलोमिना हे छोटे लाकडी चॅपल १८७२ मध्ये ब्रदर व्हिक्टोरिन बेर्त्रां यांनी उभारले. म्हणजे दामिएन आले तेव्हा प्रार्थनेची जागा होती, भाविक होते; नव्हता तो कायम राहणारा फादर.

दामिएन बेल्जियममधील त्रेमेलो येथील शेतकरी व धान्यव्यापारी कुटुंबातले. येशू व मरिया यांच्या पवित्र हृदयांच्या धर्मसंघात (पिक्पुस संघ) ते १८५९ मध्ये दाखल झाले. हवाईला जाण्यासाठी त्यांच्या वडील भावाची, फादर पांफिल यांची, निवड झाली होती. ते विषमज्वरासारख्या तापाने आजारी पडल्याने त्यांच्या जागी धाकट्याने जाण्याची परवानगी मिळवली. १९ मार्च १८६४ रोजी ते होनोलुलूला पोहोचले, २१ मे रोजी तेथील कॅथीड्रलमध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि चोविसाव्या वर्षी हवाई बेटावरील पुना या, किलाउएआ ज्वालामुखीच्या छायेतील जिल्ह्यात त्यांची नेमणूक झाली. पुढच्याच वर्षी ते विस्तीर्ण कोहाला–हामाकुआ भागात गेले व तेथे आठ वर्षे राहिले. कालावाओतील कामाची घडण या काळातच झाली. सुतारकाम, दगडकाम, घोड्यावरून लांबच्या वस्त्या गाठणे, हवाईयन भाषेत प्रवचन करणे आणि लोकांच्या पंगतीला बसून खाणे हे सारे ते येथे शिकले. ‘कामिआनो’ हे त्यांचे हवाईयन नाव याच लोकांच्या तोंडचे.

४ मे १८७३ रोजी माउई बेटावरील वाइलुकू येथे एका नव्या चर्चच्या उद्घाटनाला बिशप लुई मेग्रे यांनी मोलोकाईच्या रुग्णांना धर्मगुरू नसल्याचा विषय काढला. तेव्हा चार तरुण धर्मगुरू जाण्यास तयार झाले. १० मे रोजी दामिएन बिशपांबरोबर कालाउपापाला उतरले. त्यांनी त्याच वेळी आजन्म राहण्याचा संकल्प केला होता काय, यावर चरित्रकारांत मतभेद आहेत. भक्तिपर चरित्रे तसे मानतात. मूळ योजना मात्र चौघांनी आळीपाळीने काही आठवडे राहण्याची होती, असे दिसते. दरम्यान वॉल्टर मरी गिब्सन यांच्या ‘नुहोउ’ या होनोलुलूच्या वृत्तपत्राने दामिएन यांना ख्रिस्ती वीर म्हणून गौरवले आणि ही बातमी सर्वत्र पसरली. दामिएन यांनीही वरिष्ठांकडे तेथेच ठेवण्याची विनंती केली. संकल्प, लोकमत आणि वरिष्ठांची संमती हे तिन्ही काही दिवसांच्या अंतराने जुळून आले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. त्याने त्यांच्या निर्णयाचे मोल कमी होत नाही.

पहिल्या काही रात्री त्यांनी चॅपलशेजारच्या हालाच्या झाडाखाली काढल्या. हाला हे केवड्याच्या कुळातील झाड असून त्याच्या पानांच्या चटया विणतात. वसाहतीत त्या वेळी सहाशे ते आठशे रुग्ण असावेत. आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. बहुतेकांच्या झोपड्या गवताच्या, जमीन ओली, आणि पाणी दूरवरून हाताने वाहून आणायचे. ज्यांची बोटेच झडली आहेत त्यांनी घागरी कशा उचलायच्या? दामिएन यांच्या पहिल्या वर्षातील मागण्यांत म्हणूनच लाकूड, खिळे, कापड आणि नळ पुन्हा पुन्हा येतात. कड्यालगतच्या दरीतून वस्तीपर्यंत नळाने पाणी आणण्यात आले, ते मंडळाने पाठवलेल्या नळांतून व रुग्णांच्याच अंगमेहनतीतून; दामिएन त्यांच्याबरोबर खांद्याला खांदा लावून राबले.

दिवस पहाटेच्या प्रार्थनेने सुरू होई. त्यानंतर मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना), मुलांची धर्मशिकवणी, आणि मग झोपड्यांची फेरी. फेरीत धर्मकार्य आणि शुश्रूषा यांची सीमा राहत नसे. एकाच भेटीत जखम धुणे, पट्टी बदलणे, पापनिवेदन ऐकणे, मरणासन्नाला अंतिम अभ्यंग देणे आणि छप्पर कोठे गळते ते पाहणे, हे सारे होई. जखमांच्या दुर्गंधीने आरंभी त्यांना भोवळ येई. ती सहन व्हावी म्हणून ते पाइप ओढू लागले, असे त्यांनीच लिहिले आहे. खाणे रुग्णांसारखेच: अळूचे कंद उकडून, कुटून केलेला ‘पोइ’ हा आंबूस लगदा, मांस, कधी भात. पोइ एकाच भांड्यातून सर्वांनी बोटांनी खाण्याची रीत आहे आणि ती त्यांनी टाळली नाही.

दुपारनंतरचा वेळ बहुधा हातोडी-करवतीचा. घरे, अनाथ मुलामुलींसाठी निवारे, चॅपलचा विस्तार, आणि शवपेट्या. त्यांनी केलेल्या शवपेट्यांची संख्या सहाशेपासून हजारांवर सांगितली जाते, पण मोजणीचा आधार कोणी देत नाही. ते येण्यापूर्वी पुष्कळांना नुसत्या घोंगडीत गुंडाळून उथळ खड्ड्यात पुरत असत. त्यांनी दफनभूमीला कुंपण घातले आणि रुग्णांची अंत्यसंस्कार मंडळी उभी केली. वाद्ये आणि गायन यांसह निघणारी अंत्ययात्रा हा वसाहतीच्या जीवनाचा नित्य भाग झाला. सेंट फिलोमिनाच्या लाकडी जमिनीत त्यांनी पाडलेली भोके आजही दाखवतात. घशात रोग गेलेल्यांना सतत थुंकी येई आणि त्या संकोचाने ते मिस्सेला येणे टाळत. पानाची सुरळी करून या भोकांतून खाली थुंकण्याची सोय झाल्यावर ते आत येऊन बसू लागले. या माणसाची दृष्टी समजून घेण्यास हा एक तपशील पुरेसा आहे.

प्रवचनात ‘आपण कुष्ठरोगी’ असे म्हणण्याच्या त्यांच्या रीतीविषयी एक आख्यायिका सर्वदूर रूढ आहे. १८८५ च्या सुमारास, स्वतःला रोग झाल्याचे कळल्यानंतरच्या रविवारी त्यांनी ‘माझ्या बंधूंनो’ऐवजी हे शब्द प्रथम उच्चारले आणि सारे समजून गेले, असे सांगतात. प्रसंग नाट्यमय आहे, पण त्यांच्याच पत्राने तो खोडला जातो. नोव्हेंबर १८७३ मध्ये, म्हणजे येऊन सहा महिने झाले असताना आणि प्रकृती ठणठणीत असताना, त्यांनी पांफिल यांना कळवले होते की रुग्णांना ख्रिस्ताकडे नेण्यासाठी मी त्यांच्यातलाच कुष्ठरोगी होतो आणि प्रवचनात ‘आपण कुष्ठरोगी’ असे म्हणतो. पत्राचा हा पुरावा निर्णायक मानावा लागतो. निरोगी माणसाने बारा वर्षे आधी स्वेच्छेने उच्चारलेल्या या शब्दांचे वजन आख्यायिकेहून अधिकच भरते.

रोगाची लागण केव्हा झाली, हेही अनिश्चित आहे. डिसेंबर १८८४ मध्ये कढत पाण्याने पाय भाजूनही वेदना जाणवली नाही, हा प्रसंग प्रसिद्ध आहे. जर्मन वैद्य एडुआर्ड आर्निंग यांच्या तपासणीनंतर निदान पक्के झाले. परंतु अंगावरचे कोरडे डाग व बधिरपणा यांची सुरुवात त्याच्या काही वर्षे आधीची असावी. वसाहतीचे वैद्य आर्थर मॉरिट्झ यांच्यासह काहींनी लागण कोहालातील काळापर्यंत मागे नेली आहे. नॉर्वेचे हान्सेन यांनी कुष्ठजंतू १८७३ मध्येच पाहिला होता, तरी हवाईतील काही वैद्य कुष्ठरोग ही उपदंशाची (सिफिलिस या लैंगिक संबंधातून होणाऱ्या रोगाची) पुढची अवस्था मानत. वसाहतीत काम केलेले डॉ. फिच हे या मताचे प्रमुख पुरस्कर्ते. ही उपपत्ती चुकीची होती, पण तिचे सामाजिक परिणाम गंभीर झाले: रोगी म्हणजे दुराचारी, असे समीकरण तिने पक्के केले. दामिएन यांच्या मृत्यूनंतर होनोलुलूचे प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक रेव्हरंड चार्ल्स हाइड यांनी ऑगस्ट १८८९ मधील पत्रात त्यांच्या चारित्र्यावर जो आरोप केला, त्याची मुळे या वैद्यकीय समजुतीत आहेत. आरोपाला पुरावा नव्हता. त्या वर्षी कालाउपापाला भेट देऊन गेलेले स्कॉटिश लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांनी फेब्रुवारी १८९० मध्ये त्याला जाहीर उत्तर दिले.

दामिएन एकटेच सर्व करीत होते, हे चित्र युरोपीय वाचकांसाठी छापलेल्या पत्रांतून तयार झाले. वसाहतीत त्यांच्यासारखाच स्वेच्छेने आलेला आणखी एक माणूस होता. जोनाथन नापेला हे मॉर्मन पंथाचे हवाईयन पुढारी पत्नी किटी हिला रोग झाल्याने १८७३ मध्ये तिच्यासोबत आले. त्यांनी काही काळ अधीक्षकपद सांभाळले, आपल्या पंथीयांची उपासना चालवली व १८७९ मध्ये त्याच रोगाने ते वारले. भिन्न पंथांचे हे दोघे परस्परांचे स्नेही होते. हवाईच्या राणी एमा यांचे नातलग, रुग्ण म्हणून आलेले पीटर काएओ यांनी १८७३ ते १८७६ या काळात कालाउपापाहून राणींना लिहिलेली पत्रे उपलब्ध असून, रेशन, भांडणे, हवामान आणि मरणे यांचे आतून दिसणारे इतके जिवंत चित्र दुसरीकडे नाही. स्त्री-रुग्ण, बरोबर आलेले निरोगी सोबती (‘कोकुआ’) आणि मुले यांचा आवाज मात्र साधनांत क्वचितच येतो.

आरोग्य मंडळाशी आणि स्वतःच्या धर्मवरिष्ठांशी दामिएन यांचे खटके उडत. ते हट्टी व तापट होते, याबद्दल त्यांचे चाहतेही फारसे दुमत दाखवत नाहीत. काही काळ त्यांना वसाहत सोडण्यास मनाई होती. त्या दिवसांत जहाजावर आलेल्या वरिष्ठांना खाली उतरू दिले नाही, तेव्हा दामिएन यांनी होडीत उभे राहून, वर डेकवर असलेल्या गुरूंना ऐकू जाईल अशा आवाजात फ्रेंचमध्ये पापनिवेदन केले. अखेरच्या वर्षांत मदत आली: १८८६ मध्ये अमेरिकन यादवी युद्धातील माजी सैनिक जोसेफ डटन, १८८८ मध्ये फादर कॉनरार्डी आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मदर मेरिॲन कोप व त्यांच्या संघाच्या धर्मभगिनी. १५ एप्रिल १८८९ रोजी दामिएन वारले आणि त्यांना हालाच्या त्याच झाडाखाली पुरण्यात आले. अवशेष १९३६ मध्ये बेल्जियमला नेण्यात आले. १९९५ मध्ये ‘धन्य’ (संतपदाआधीची पायरी) म्हणून घोषणा झाल्यावर उजव्या हाताचे अवशेष कालावाओला परतले. ११ ऑक्टोबर २००९ रोजी ते संत घोषित झाले. कालाउपापा १९८० पासून अमेरिकेचे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे.

भारताशी या मिशनचे संबंध थोडे पण निश्चित आहेत. डिसेंबर १८८८ मध्ये इंग्लिश चित्रकार एडवर्ड क्लिफर्ड यांनी दामिएन यांच्यासाठी गर्जन वृक्षाचे तेल नेले. अंदमानात कुष्ठरोगावर ते वापरल्याची कीर्ती त्यांनी ऐकली होती. त्याने रोग हटला नाही. दामिएन यांच्या मृत्यूने ब्रिटनमध्ये उसळलेल्या सहानुभूतीतून आणि भीतीतून राष्ट्रीय कुष्ठनिधी उभा राहिला व त्याच्या वतीने १८९०-९१ मध्ये एक आयोग भारतात फिरला. रोगाचा संसर्ग फार मंद असून सक्तीचे विलगीकरण आवश्यक नाही, असा त्याच्या अहवालाचा रोख होता. तरीही १८९८ मध्ये कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा झालाच. मुंबईत महापालिका आयुक्त ॲकवर्थ यांनी माटुंगा येथे रुग्णालय काढले तेही १८९० मध्येच. दामिएन व डटन या दोघांच्या नावे अमेरिकेत दिला जाणारा पुरस्कार १९८३ मध्ये आनंदवनाचे संस्थापक बाबा आमटे यांना मिळाला.