मध्ययुगीन लघुपुतळे आणि युद्धखेळाची रणभूमी

टेबलावर खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळासाठी मध्ययुगीन योद्ध्यांचे छोटे पुतळे रंगविण्याचा आणि त्यांच्याभोवतीची घरे, कुंपणे, शेते व टेकड्या स्वतः तयार करण्याचा छंद. तयार वस्तू विकत घेऊनही तो करता येतो. मात्र टाकाऊ वस्तू, मोजके रंग व साधी हत्यारे वापरून काटकसरीने काम करण्याची रीत या छंदात प्रथमपासून रुजलेली आहे. खेळाडू पुतळे हातभर अंतरावरून पाहतो. तेवढ्या अंतरावरून जे दिसत नाही त्यावर वेळ व पैसा घालवायचा नाही, असा हिशेब या रीतीमागे असतो.

प्रशियातील सैनिकी अधिकारी राइसवित्झ याने १८२४ मध्ये प्रसिद्ध केलेले युद्धखेळाचे नियम अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी होते आणि त्यात नकाशावर ठोकळे सरकवले जात. खेळण्यातले शिपाई घेऊन जमिनीवर लढाया मांडण्याचे नियम एच. जी. वेल्स याने १९१३ मध्ये ‘लिट्ल वॉर्स’ या पुस्तकात दिले. मध्ययुगीन लढायांसाठी गॅरी गायगॅक्स व जेफ पेरेन यांनी रचलेली ‘चेनमेल’ ही नियमावली १९७१ मध्ये निघाली.

पुतळ्यांचा आकार मिलिमीटरमध्ये सांगतात. २८ मिमी. हा सर्वांत रूढ आकार असून १५ व १० मिमी.चे पुतळे मोठ्या सैन्यांसाठी सोयीचे पडतात. काटकसर करणाऱ्याला १/७२ प्रमाणातले मऊ प्लॅस्टिकचे शिपाई परवडतात, कारण त्यांच्या एका पेटीत चाळीसएक नग सहज मिळतात. मात्र साच्याचा तेलकट अंश राहिलेला असल्याने ते आधी साबणाच्या पाण्याने धुवावे लागतात. तरीही भाले व धनुष्ये वाकली की त्यांवरचा रंग उडतो, म्हणून अस्तरापूर्वी (रंग धरून ठेवणाऱ्या पहिल्या थरापूर्वी) पातळ पांढऱ्या गोंदाचा हात देण्याची पद्धत आहे. जुने धातूचे पुतळे बहुधा शिसेमिश्रित असतात. ते घासताना उडणारी भुकटी श्वासात किंवा पोटात जाऊ देऊ नये.

रंगकामात अस्तर, मूळ रंग, खोलगट भागांत उतरणारा गडद पातळ रंग आणि उंचवट्यांवर फिरवलेला कोरडा कुंचला, असे चार टप्पे असतात. कड्यांच्या चिलखतावर ही रीत विशेष खुलते : काळ्या अस्तरावर जवळजवळ पुसून काढलेल्या कुंचल्याने रुपेरी रंग फिरवला की कडी आपोआप उठून दिसतात. आठ-दहा पुतळे एकत्र घेऊन सर्वांचे एकेक अंग रंगवत गेल्यास वेळ वाचतो. काळा, पांढरा, तपकिरी, पिवळी माती, मळकट लाल, निळा व पोलादी एवढ्या सात बाटल्यांत मध्ययुगीन सैन्य रंगवता येते. स्वस्त हस्तकला-रंगांचे कण जाडसर असल्याने दोन-तीन पातळ हात द्यावे लागतात. कुंचल्याच्या बाबतीत मात्र कंजुषी अंगलट येते; टोक टिकवणारा एक चांगला कुंचला फिसकटणाऱ्या दहांपेक्षा स्वस्त पडतो.

रंगांची निवड इतिहासाला धरून केली तर खर्च आणखी घटतो. सामान्य पायदळाचे कपडे पुष्कळदा न रंगवलेल्या लोकरीचे व तागाचे असत. रंग दिलेच तर लाल मंजिष्ठकुळातील मुळांपासून आणि निळा वोड या वनस्पतीपासून काढीत. वंशपरंपरागत ढालचिन्हे बाराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास रुजली, त्यामुळे नॉर्मन व इंग्रज यांच्यातील १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईतील ढालींवर सिंह किंवा लिलीची फुले रंगवणे कालविपर्यास ठरते. या चिन्हांत सोनेरी व रुपेरी हे ‘धातू’ आणि लाल, निळा इत्यादी ‘रंग’ मानले जातात. धातूवर धातू आणि रंगावर रंग येऊ नये, असा संकेत आहे, आणि दुरूनही चिन्ह स्पष्ट दिसावे हा त्याचा फायदा पुतळ्यांनाही मिळतो. रुपेरी पार्श्वभूमीवर सोनेरी क्रूस असलेले, धर्मयुद्धांतून उभ्या राहिलेल्या जेरूसलेम राज्याचे चिन्ह हा त्याला प्रसिद्ध अपवाद. इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डने १३४० मध्ये फ्रान्सच्या गादीवर हक्क सांगून ढालीचे चार भाग करून आपल्या सिंहांबरोबर फ्रेंच लिलीही त्यांत घेतल्या. तेव्हा इंग्लंड-फ्रान्समधील शतवार्षिक युद्धाचा निळा-तांबडा इंग्रज ध्वज रंगवायचा तर नेमके वर्ष आधी ठरवावे लागते. ट्यूटॉनिक सरदारांचे (जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाचे) पांढरे झगे सोपे वाटतात. प्रत्यक्षात फिकट राखाडीपासून सुरुवात करून घड्यांच्या कडाच शुभ्र ठेवल्या नाहीत, तर ते खडूसारखे दिसतात.

रणभूमीसाठी थर्माकोल किंवा अधिक घट्ट असे दाबीव पॉलिस्टायरीन वापरतात. फवाऱ्याच्या रंगातील (स्प्रेमधील) द्रावक त्यांना वितळवून खड्डे पाडतो, म्हणून आधी गोंद मिसळलेल्या रंगाचा हात देणे आवश्यक असते. चुरगाळलेल्या ॲल्युमिनियम कागदाचा गोळा दाबला की दगडी भिंतीचा खडबडीतपणा उमटतो. घराच्या भिंती नालीदार पुठ्ठ्याच्या करून त्यांवर कॉफी ढवळण्याच्या लाकडी पट्ट्यांचा सांगाडा चिकटवतात. पुठ्ठा एकाच बाजूने रंगवला तर वाकतो, दोन्ही बाजूंनी रंगवावा. शाकारलेल्या छपरासाठी जुना टॉवेल गोंदात भिजवून, वरून खाली विंचरून वाळवतात. उघड्या ओकच्या लाकडाचा रंग उन्हापावसाने करडा होतो. काळे वासे व पांढऱ्या भिंती ही जोडी पुष्कळ ठिकाणी एकोणिसाव्या शतकातली हौस आहे, तरी बहुतेक नमुन्यांत तीच दिसते. शेतकऱ्याच्या खिडकीला काच घालू नये, लाकडी झडप पुरते.

पुतळ्यांच्या प्रमाणात घर बांधले तर ते निम्मे टेबल व्यापते. म्हणून दाराची उंची बैठकीसकट (पायाखालच्या चकतीसकट) पुतळ्याला लावून ठरवतात आणि घराची लांबी-रुंदी मात्र आखडती घेतात. कुडाचे कुंपण दातकोरण्या उभ्या रोवून त्यांत सुतळी विणली की होते. काथ्याच्या पायपुसण्याचे तुकडे कापले की पिकलेल्या गव्हाचे शेत तयार. त्याचे तुकडे सुटे ठेवावेत. सैन्य शेतात शिरले की तेवढे उचलून पुतळ्यांना जागा करता येते. पुतळ्यांच्या बैठकींना टेबलाच्या जमिनीचाच रंग व तीच वाळू लावल्यास साधे रंगकामही नीटस दिसते, आणि हाताळून रंग झिजू नये म्हणून शेवटी मंद चकाकीचे वॉर्निश देतात. दमट हवेत फवारलेले वॉर्निश पांढुरके पडते, त्यामुळे पावसाळी दिवसांत ते कुंचल्यानेच लावणे श्रेयस्कर असते.