हिपॅटायटिस सी : पथ्य व औषधांबाबतची सावधगिरी (कोकण)

हिपॅटायटिस सी या विषाणूने होणाऱ्या यकृतशोथात खाणे, व्यसने आणि इतर औषधे यांबाबत घ्यायची काळजी. कोकणात ‘कावीळ’ या एकाच शब्दात यकृताची बहुतेक दुखणी येतात आणि पथ्याचा घोळ तिथूनच सुरू होतो. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस एची कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरते. श्रेय गळ्यातल्या माळेला किंवा झाडपाल्याला मिळते. सी मात्र रक्तातून पसरतो आणि डोळे पिवळे न करता वर्षानुवर्षे यकृतात टिकतो. भातलावणीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिसनेही (उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणारा ताप) कावीळ होते. म्हणून सीच्या रुग्णाने तापासोबत आलेली कावीळ जुन्या दुखण्याची समजून घरी थांबू नये.

विषाणूची ओळख १९८९ मध्ये पटली. तोवर ‘नॉन-ए, नॉन-बी’ एवढेच नाव होते. भारतीय रक्तपेढ्यांत त्याची तपासणी २००१-०२ च्या सुमारास सक्तीची झाली. त्याआधी रक्त चढवलेल्यांनी एकदा चाचणी करून घ्यावी.

मासे-भाताला मनाई नाही. सिरोसिसमुळे (जुन्या इजेने यकृत व्रणांनी भरून कडक होणे) पोटात पाणी होऊ लागले की मीठ तोडावे लागते. सुकट, सुके बोंबील, खारवलेला बांगडा हे लगेच ध्यानात येते. सोलकढीच्या आगळात मीठ असते, हे सहसा येत नाही. कालवे व तिसऱ्या पूर्ण शिजवूनच खाव्यात. कोमट खाऱ्या पाण्यातला व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा जीवाणू सिरोसिसच्या रुग्णाला जीवघेणा ठरू शकतो. कालवे फोडताना शिंपल्याच्या धारेने बोट कापते, त्या जखमेतूनही तो शिरतो. दारूचे सुरक्षित प्रमाण नाही; घरची माडी किंवा काजूची फेणी याला अपवाद नाही.

गुळवेलीबाबत मतभेद आहेत. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी ती घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने वनस्पतीची ओळखच नीट पटवलेली नाही, असा आक्षेप घेतला. खऱ्या गुळवेलीऐवजी (टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया) तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा वापरली गेली असावी, असा एक तर्क आहे. २०२२ मध्ये १३ केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यास आला व त्यातही ऑटोइम्यून धाटणीची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटावी तशी, इजा दिसली. त्यामुळे तज्ज्ञांचे पारडे जड वाटते. शिवाय परसातल्या आंब्यावरची वेल तोडून काढा उकळणाऱ्याला या दोन जाती वेगळ्या ओळखणे कठीण आहे. ज्याचे यकृत आधीच दुखावलेले आहे त्याने हा काढा घेऊ नये.

लावणीने कंबर धरली की दुकानातून आणली जाणारी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन सिरोसिसमध्ये टाळावी. मूत्रपिंडाला इजा व रक्तस्राव संभवतो. पॅरासिटामॉल चालते, पण दिवसाला दोन ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या, ही मर्यादा पाळावी. सर्दीच्या गोळ्यांतही ते असते, तेही मोजावे.

राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमातून २०१८ पासून सी विषाणूवरची औषधे, सोफोसबुविरसह डॅक्लाटासविर किंवा वेल्पाटासविर, मोफत मिळतात. उपचार बहुधा १२ आठवड्यांचा असतो आणि ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. वेल्पाटासविर घेताना अँटासिड चार तासांच्या अंतराने घ्यावे. ओमेप्राझोलसारख्या आम्लपित्ताच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. क्षयावरील रिफॅम्पिसिन सोबत चालत नाही. हृदयासाठीच्या अमियोडॅरोनसोबत सोफोसबुविर घेतल्यास नाडी धोकादायकरीत्या मंदावू शकते. उपचारापूर्वी हिपॅटायटिस बीची तपासणी आवश्यक असते, कारण दबलेला बी उसळू शकतो. बरे झाल्यावरही अँटिबॉडी चाचणी पॉझिटिव्हच येत राहते. विषाणू गेला की नाही, हे उपचार संपल्यावर १२ आठवड्यांनी केलेल्या, रक्तात विषाणूच शोधणाऱ्या आरएनए चाचणीवरून ठरते.