विंडोज टाकताना मध्येच अडतं, तेव्हा आधी रॅम पाहा

जुना संगणक एरवी नीट चालतो. गाणी वाजतात, हिशेबाच्या फायली उघडतात. विंडोज नव्याने टाकायला घेतलं की मात्र कधी चाळीस टक्क्यांवर, कधी सत्तरवर थांबून ‘फाइल खराब आहे’ म्हणतो. दर वेळी वेगळ्याच टक्क्यावर अडत असेल तर माझा पहिला संशय रॅमवर, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या मेमरीच्या पट्टीवर असतो.

विंडोजच्या फायली आवळून बांधलेल्या गाठोड्यासारख्या येतात. इन्स्टॉल करताना हे गाठोडं रॅममध्ये सोडलं जातं आणि त्यातल्या मजकुराचा ताळा आधीच नोंदवलेल्या आकड्याशी जुळवला जातो. एक बिट, म्हणजे एखादा ० किंवा १, इकडचा तिकडे झाला तरी ताळा चुकतो, काम थांबतं. तीच चूक गाण्यात झाली तर कानाला कळतही नाही.

गोव्यात जून ते सप्टेंबर हवा दमट, किनाऱ्यालगत खारीही. रॅमच्या पिवळ्या पट्ट्यांवरचं सोनं गंजत नाही, पण मुलामा इतका पातळ असतो की बारीक छिद्रांतून ओल खालच्या निकेल-तांब्यापर्यंत पोचते आणि वर मळकट थर धरतो. वायर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, मग रॅम काढा. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या, तंतू न सुटणाऱ्या फडक्याने पट्ट्या पुसा. खोडरबराने घासण्याची सवय इथे सगळीकडे दिसते. त्याने मुलामा झिजतो, म्हणून तो अगदी शेवटचा उपाय. पूर्ण वाळल्यावर रॅम बसवा. क्लिपचा ‘टक्’ ऐकू आला पाहिजे. दोन रॅम असतील तर एकेक लावून पाहा, आणि रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ हा प्रोग्राम रात्रभर चालू ठेवा. एकही चूक दिसली तर ती रॅम बदला.

दर वेळी त्याच टक्क्यावर थांबत असेल तर बहुधा पेनड्राइव्ह किंवा उतरवलेली आयएसओ (अख्खं विंडोज एकत्र असलेली) फाइल खराब असते. दुसरा, किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. फॅट३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही, त्यामुळे आयएसओ नुसती कॉपी करण्यापेक्षा मायक्रोसॉफ्टचं साधन किंवा रुफस हा प्रोग्राम वापरून पेनड्राइव्ह तयार करा.

डिस्क दिसतच नसेल, आणि इंटेलचा अकराव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर असेल, तर बहुधा व्हीएमडीचा, म्हणजे डिस्क सांभाळणाऱ्या इंटेलच्या यंत्रणेचा, ड्रायव्हर हवा असतो. तो कंपनीच्या साइटवरून घेऊन पेनड्राइव्हवर उलगडून ठेवा आणि ‘लोड ड्रायव्हर’ दाबा.

‘एमबीआर’वरून (डिस्कच्या भागांची नोंद ठेवायची जुनी पद्धत; नवी ती जीपीटी) तक्रार आली तर शिफ्ट+एफ१० दाबा, काळ्या खिडकीत diskpart टाइप करून डिस्कपार्ट उघडा आणि एकेक आज्ञा द्या. लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क (पुढे यादीतला तिचा क्रमांक), क्लीन, कन्व्हर्ट जीपीटी. क्लीन दिलं की त्या डिस्कवरचं सगळं जातं. जीबीचा आकडा दोनदा पाहूनच डिस्क निवडा. घरचे फोटो असलेली बाहेरची डिस्क त्याआधी काढूनच ठेवा.

सगळं सुरळीत होऊन पहिल्यांदा रीस्टार्ट झालं आणि पुन्हा पहिलाच पडदा आला, तर पेनड्राइव्ह काढा. संगणक पुन्हा त्याच्यावरूनच सुरू होत असतो.