ब्रिटनचा स्टुडंट व्हिसा: खात्यात पैसे असूनही अर्ज का फेटाळला जातो

विद्यापीठाने प्रवेश दिला, कॅस क्रमांक (व्हिसासाठी विद्यापीठ देतं ती प्रवेशनिश्चितीची नोंद) हातात आला, खात्यात रक्कमही आहे, तरी व्हिसा नाकारला. दर उन्हाळ्यात अशी मुलं दिसतात आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं, कारण त्यांच्या गुणांवर कुणी शंका घेतलेली नसते. बहुतेक वेळा अडतं ते बँकेच्या स्टेटमेंटवर किंवा जन्माच्या दाखल्यावर.

आधी रक्कम. कॅसवर दाखवलेली पहिल्या वर्षाची उरलेली फी, अधिक राहण्याचा खर्च. नोव्हेंबर २०२५ पासून हा खर्च लंडनसाठी महिना १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड धरतात, तोही जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा. म्हणजे १३,७६१ किंवा १०,५३९ पौंड. रुपयांतली शिल्लक ओआंडा या चलनदर देणाऱ्या संकेतस्थळावरच्या अर्जाच्या दिवशीच्या दराने मोजतात, त्यामुळे अगदी काठावरची रक्कम ठेवू नका. रुपया घसरला तर पुरेसे वाटणारे पैसे कमी पडतात.

आता २८ दिवसांचा नियम. ही रक्कम सलग २८ दिवस खात्यात हवी, रोजच्या रोज. सरासरी शिल्लक कुणी बघत नाही. अठराव्या दिवशी गृहकर्जाचा हप्ता किंवा एसआयपी कापली गेली आणि एका दिवसासाठी शिल्लक खाली गेली, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. शिवाय या २८ दिवसांतला शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेआधी ३१ दिवसांपेक्षा जुना नको. अर्जाची तारीख म्हणजे ऑनलाइन फी भरली तो दिवस. बोटांचे ठसे दिले तो नव्हे. समजा १० ऑगस्टला फी भरली, तर स्टेटमेंटमधला शेवटचा दिवस १० जुलै किंवा त्यानंतरचा पाहिजे. मे महिन्यात काढून जपून ठेवलेलं स्टेटमेंट इथे निरुपयोगी ठरतं.

पैसे कुणाच्या खात्यात आहेत, हा पुढचा अडथळा. विद्यार्थ्याचं स्वतःचं, आईवडिलांचं किंवा कायदेशीर पालकाचं खातं चालतं. काका, मामा, आजोबा, नोकरी करणारा मोठा भाऊ यांचं चालत नाही, मग त्यांनी कितीही प्रेमाने स्टँप पेपरवर लिहून दिलेलं असो. त्यांची मदत घ्यायची असेल तर रक्कम मुलाच्या किंवा आईवडिलांच्या खात्यात वळवा आणि तिथे २८ दिवस राहू द्या. शेअर्स, पीएफ, सोनं, जमिनीचा सातबारा यांपैकी काहीच धरत नाहीत. पतसंस्थेतल्या ठेवीवर तर मुळीच विसंबू नका. आपल्याकडे तालुक्याच्या गावी आयुष्याची बचत पतसंस्थेत असते. पण ती सहकार खात्याच्या निबंधकाकडे नोंदलेली असते, रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखाली नसते. संस्थेवर योग्य नियामकाचं नियंत्रण नसेल किंवा तिच्याकडे पडताळणी करता येत नसेल, तर पैसे मोजले जात नाहीत.

शैक्षणिक कर्ज असेल तर २८ दिवसांची अट नाही, पण बँकेचं पत्र नीट वाचा. ते अर्जाच्या तारखेआधी सहा महिन्यांच्या आतलं हवं, कर्ज विद्यार्थ्याच्या नावावर हवं आणि व्हिसा मिळणं यापलीकडे पैसे सोडण्याची कोणतीही अट त्यात नको. आपल्या बँका ‘तारण नोंदणी पूर्ण झाल्यावर’ असं एक वाक्य सवयीने टाकतात. त्या एका वाक्यावर अर्ज अडतो. शाखेत बसा, गहाणखत आधी उरका आणि ते वाक्य नसलेलं पत्र घेऊनच उठा. मॅनेजर कंटाळले तरी चालेल.

आईवडिलांचे पैसे दाखवताना त्यांचं सहीचं संमतीपत्र आणि नातं सिद्ध करणारा जन्माचा दाखला लागतो. शाळा सोडल्याचा दाखला, रेशन कार्ड, आधार यांनी काम भागत नाही. आणि इथेच अनेक घरांत धावपळ सुरू होते. जुन्या दाखल्यात बाळाचं नावच नसतं, नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ असतं. कुठे आईचं माहेरचं नाव असतं आणि पासपोर्टवर सासरचं. ग्रामपंचायत, नगरपरिषद किंवा महापालिकेकडून नाव नोंदवून, दुरुस्ती करून घ्यायला किती दिवस जातील याचा नेम नसतो. खिडकीवरचा कर्मचारी तुमच्या सत्राची तारीख बघून काम करत नाही. जन्माची नोंदच झालेली नसेल, तर वर्ष उलटून गेल्यामुळे दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. म्हणून प्रवेशाचे अर्ज भरतानाच हा कागद बाहेर काढून वाचा. दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा. त्यावर अचूकतेची ग्वाही, तारीख, भाषांतरकाराचं नाव, सही आणि संपर्क हवा.

बाकीचं लवकर होतं. टीबी तपासणी मान्यताप्राप्त क्लिनिकमध्येच करा; ओळखीच्या डॉक्टरांचा एक्स-रे चालत नाही आणि प्रमाणपत्र सहा महिनेच टिकतं. आरोग्य अधिभार, म्हणजे ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा वापरण्यासाठी व्हिसासोबत भरायची रक्कम, वर्षाला ७७६ पौंड आहे. एक वर्षाच्या मास्टर्ससाठी व्हिसा वर्षाहून थोडा जास्त मिळत असल्याने हा अधिभार साधारण १,१६४ पौंड होतो. अभ्यासक्रम सुरू होण्याआधी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो आणि निकालाला साधारण तीन आठवडे लागतात. मुलाखतीला बोलावलं तर हाच अभ्यासक्रम का निवडला ते स्वतःच्या शब्दांत सांगा. एजंटने पाठ करून घेतलेली उत्तरं लगेच ओळखू येतात.

नकार आलाच तर २८ दिवसांत फेरतपासणी मागता येते, पण ती अधिकाऱ्याची चूक झाली असेल तरच उपयोगाची. राहिलेला कागद त्या वेळी जोडता येत नाही. चूक आपली असेल तर नवा अर्ज, नवी फी आणि नवा कॅस. एक कॅस एकाच अर्जाला वापरता येतो. अशा वेळी एजंटकडे जाण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कक्षाला नकाराचं पत्र पाठवा आणि पुढचा कॅस कधी मिळेल ते विचारा.