वाळवंटातलं यज्द बारा महिने तापलेलं असतं का?

‘इराणचं यज्द वाळवंटात आहे, कधीही जा, सुती कपडे पुरतात, थंडी नसतेच’ असा सल्ला प्रवासाच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतोय. फोटोंत मातीच्या भिंतींवर कडक ऊनच दिसतं, त्यामुळे तो पटणं स्वाभाविक आहे.

पण वाळवंट ठरतं ते पावसाच्या कमतरतेवरून. यज्दला वर्षाकाठी जेमतेम 50-60 मिमी पाऊस पडतो. हवा कोरडी, आकाश निरभ्र, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री झपाट्याने निवते. त्यात शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,200 मीटर उंचावर आणि अमृतसरच्या आसपासच्या अक्षांशावर. म्हणून जुलैत दुपारी पारा 40 अंशांच्या घरात, तर जानेवारीत पहाटे शून्याच्या आसपास, कधी त्याखालीही.

याचा सगळ्यात सुंदर पुरावा जवळच्या मेबोदमध्ये उभा आहे: मातीच्या घुमटाचं जुनं बर्फघर. हिवाळ्यात उंच भिंतीच्या सावलीतल्या उथळ हौदांत रात्री पाणी गोठायचं. तो बर्फ घुमटाखालच्या खोल खड्ड्यात साठवून उन्हाळ्यात वापरायचे. थंडी नसती, तर हे बांधलंच कशाला असतं?

स्वतः पडताळायचं तर हवामानाच्या तक्त्यात यज्दचं महिनावार सरासरी किमान तापमान पाहा. नुसतं कमाल पाहिलं तर फसगत होते. डिसेंबर ते फेब्रुवारीत जाणार असाल तर स्वेटर, जाकीट आणि कानटोपी घ्याच. एप्रिल किंवा ऑक्टोबर मला सर्वांत योग्य वाटतो, तरी रात्री गच्चीवर बसायला शाल हवी.