तेल-पाण्याची सीमा आणि मुक्त पाण्याची पातळी: लॉगवर दिसते ती कोणती?

नागपुरात बोअरहोल लॉगिंग (विहिरीत उपकरण सोडून खोलीनुसार खडकाचे गुणधर्म मोजणं; त्या नोंदीचा आलेख म्हणजे लॉग) म्हटलं की आधी कोळसाच डोळ्यांसमोर येतो. खनिजांचा शोध घेणारी सरकारी कंपनी एमईसीएल आणि वेस्टर्न कोलफील्ड्स म्हणजे वेकोलि, दोघांची मुख्यालयं याच शहरात, कामठी-उमरेडच्या खाणी हाताशी. इथल्या भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला लॉगवर कोळशाचा थर ओळखायला फार वेळ लागत नाही: घनता एकदम खाली, गॅमा (खडकातला नैसर्गिक किरणोत्सर्ग) कमी, रोधकता (विजेला होणारा अडथळा) वर. तेलाच्या विहिरीचा लॉग वाचताना मात्र हीच सवय घात करते. कोळशाची सीमा ही खडकाची सीमा असते. तेल आणि पाण्याची सीमा खडक न बदलता, एकाच वालुकाश्माच्या पोटात येते. शिवाय तिथे पातळ्या दोन असतात आणि भलेभले त्यांची सरमिसळ करतात.

पहिली पातळी ऑइल-वॉटर कॉन्टॅक्ट, ओडब्ल्यूसी. ही लॉगवर दिसते. छिद्रांतलं खारं पाणी वीज वाहून नेतं, तेल नेत नाही. म्हणून तेलाच्या भागात रोधकता जास्त आणि खाली पाणी लागलं की ती कोसळते. या रोधकतेवरून छिद्रांत पाणी किती टक्के, हे काढायचं सूत्र आर्चीने १९४२ मध्ये मांडलं आणि ते आजही रोजच्या वापरात आहे. पण नुसती रोधकता पडली म्हणून तिथे रेघ मारू नका. त्याच खोलीवर गॅमा आणि सच्छिद्रता जागच्या जागी आहेत ना, ते आधी बघा. गॅमा चढला असेल तर खाली शेल (चिकणमातीचा खडक) सुरू झालंय. अशा वेळी ‘निदान इथपर्यंत तेल आहे’ एवढंच म्हणता येतं. सीमा त्याहून बरीच खाली असू शकते.

दुसरी पातळी फ्री वॉटर लेव्हल, एफडब्ल्यूएल. ही रोधकतेच्या लॉगवर थेट दिसत नाही, कारण ती दाबाची पातळी आहे. तेलाचा आणि पाण्याचा दाब जिथे सारखा होतो, म्हणजे केशाकर्षणाचा दाब (बारीक छिद्रांत तेल आणि पाणी यांच्या दाबातला फरक) शून्य होतो, ती खोली. ती काढायला विहिरीत केबलवरून टेस्टर सोडून वेगवेगळ्या खोल्यांवर थराचा दाब मोजतात. एक उदाहरण मांडून बघू. समजा, २००० मीटरवर तेलात २९६० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड दाब) आणि २०५० मीटरवर पाण्यात ३०२५ पीएसआय दाब मिळाला. ०.८ घनतेच्या तेलात दाब दर मीटरला सुमारे १.१४ पीएसआयने वाढतो, १.०५ घनतेच्या खाऱ्या पाण्यात १.४९ ने. दोन्ही रेषा २०२७ मीटरच्या आसपास एकमेकींना छेदतात. तीच एफडब्ल्यूएल. दोन उतारांत फरक आहे फक्त ०.३५ चा. म्हणजे दाब मोजताना एका पीएसआयची चूक झाली तर पातळी जवळपास ३ मीटर सरकते. त्यामुळे प्रत्येक द्रवात दोन-चार तरी चांगले बिंदू हवेतच.

याच विहिरीत रोधकतेवरून ओडब्ल्यूसी २०२१ मीटरवर आली, तर ६ मीटरची तफावत ही मोजमापाची चूक असेलच असं नाही. पाण्याने ओल्या, म्हणजे ज्याच्या कणांना पाणीच चिकटून राहतं अशा खडकात तेलाला छिद्रात शिरायला आधी पाण्याला ढकलावं लागतं. त्यासाठी लागणारा किमान दाब एफडब्ल्यूएलच्या काही उंची वर गेल्यावरच मिळतो. इथे ६ मीटर गुणिले ०.३५, म्हणजे साधारण २ पीएसआय. कामठीचा भरड वालुकाश्म आणि एखादा गाळयुक्त, बारीक कणांचा वालुकाश्म शेजारी ठेवून भिंगाखाली बघा. भरड खडकात छिद्रं मोठी, त्यामुळे अशा खडकात दोन्ही पातळ्या जवळजवळ एकाच जागी येतात. बारीक खडकात ओडब्ल्यूसी बरीच वर राहते आणि तिच्यावर तेल-पाणी मिसळलेला संक्रमण पट्टाही जाड होतो. खडक तेलाने ओला असेल, चुनखडकात हे बऱ्याचदा घडतं, तर ओडब्ल्यूसी एफडब्ल्यूएलच्या खालीही जाऊ शकते.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो यातून निघणारा परिणाम. एकाच साठ्यातल्या दोन विहिरींत ओडब्ल्यूसी वेगवेगळ्या खोलीवर मिळाली की लगेच मधे प्रस्तरभंग, म्हणजे साठा तोडणारी खडकातली भेग, काढायचा मोह होतो. थांबा. एका विहिरीत खडक भरड आणि दुसरीत बारीक असेल, तर एफडब्ल्यूएल एकच असूनही ओडब्ल्यूसी वरखाली होणारच. दाबाच्या रेषाही जुळत नसतील, तेव्हा प्रस्तरभंगाचा संशय घ्यावा.

साठ्याचा हिशेब करताना कोणत्या उंचीवर तेल किती टक्के, हे एफडब्ल्यूएलपासून मोजतात. तिथे ओडब्ल्यूसीचा आकडा घातला तर प्रत्येक उंचीवरचं तेल कमी दिसतं. संक्रमण पट्ट्यातलं सगळंच निव्वळ तेल धरलं तर उलट साठा फुगतो आणि विहीर पहिल्या दिवसापासून पाणी ओकते.

अहवालात ‘कॉन्टॅक्ट २०२१ मीटर’ एवढंच लिहिलेलं दिसलं, तर तो रोधकतेवरून काढलाय की दाबावरून, हे विचारा. आणि ती खोली तिरक्या विहिरीच्या लांबीने मोजलीय की समुद्रसपाटीपासून सरळ खाली, हेही विचारून घ्या.